डॉक्टरांच्या तोंडाचं माप

स्वतःच्या तोंडाचं माप स्वतःच घ्यायचं, असं डॉ. दयानंद बिरादार यांनी ठरवलं तेव्हा त्यात त्यांना कसलाही धोका दिसला नव्हता. माणूस स्वतःची दाढी स्वतः करतो, वेळ पडली तर शर्टाचं बटणही स्वतः लावतो (दयानंदनं लावलेलं बटण त्याची बायको दीपमाला दुसऱ्या दिवशी उसवून पुन्हा लावायची, पण ते जाऊ द्या). मग दातांच्या डॉक्टरनं स्वतःच्या दातांचं माप घेण्यात अवघड ते काय?

लातूरला दवाखाना उघडून दोन-अडीच महिने झाले होते. भूकंपाला चार वर्षं होत आली होती आणि शहरात तेव्हा दोनच गोष्टींना बरकत होती. एक, पोरांना डॉक्टर-इंजिनियर करणाऱ्या शिकवण्या, आणि दोन, त्या पोरांना जेवू घालणाऱ्या खाणावळी. दयानंदचा दवाखाना विरूपाक्ष सरांच्या इमारतीत तळमजल्यावर होता. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत संसार आणि डोक्यावर सरांचा फिजिक्सचा क्लास. सर मूळचे निलंग्याकडचे. जागा देताना त्यांनी एकच अट घातली होती.

"आवाज चालणार न्हाई, डॉक्टर. वर माझी बारावीची पोरं हायत. खाली तुमचा पेशंट वरडला की वर माझा एक मार्क गेला."

"सर, माझ्या हाताखाली पेशंट ओरडत नाही," दयानंदनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. ते खरंही होतं. ओरडायला आधी पेशंट यावा लागतो.

पेशंट येत नव्हते तोवर दयानंद सामान निवडत होता. कॉलेजात दात कसा कोरायचा, कसा भरायचा, कसा झाकायचा हे सगळं शिकवलं होतं; पण सामान कुठलं घ्यायचं आणि कुणाकडून, हे शिकवायचं राहून गेलं होतं. त्यामुळे तो भेटेल त्याला विचारायचा. एकदा फोनवर सासऱ्यांना दात चिकटवायच्या सिमेंटाविषयी सहज म्हणाला, "सिमेंट कुठलं घ्यावं तेच कळेना झालंय," तर सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी नांदेडहून एका ओळखीच्या ठेकेदाराचं नाव कळवलं आणि वर विचारलं, "स्लॅब कधी टाकून राहिलात?" खुर्चीचंही तसंच. कंपनीच्या पुस्तकातल्या फोटोत ती साईच्या रंगाची होती. घरी आली ती पोपटी.

दीपमाला तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "रंग बघूनच माणसाचे दात आंबतील."

मग कॉम्प्रेसर. दात कोरायचं मशीन हवेवर चालतं आणि हवा देतो कॉम्प्रेसर. कंपनीचा एक होता, मांजर घोरावं इतक्या आवाजाचा. पण औसा रोडला गाड्यांना रंग मारणाऱ्या एका गॅरेजवाल्यानं दयानंदला त्याच्याकडचा भलामोठा लाल कॉम्प्रेसर दाखवला. "सायेब, ह्याच्यावर आख्खा ट्रक रंगतो. तुमचा दात म्हंजे किती तो!" हे गणित दयानंदला पटलं. कॉम्प्रेसर आला आणि जिन्याखाली बसला. जिना वरच्या क्लासचा, आणि जिन्याची भिंत दीपमालाच्या स्वयंपाकघराची. दुपारच्या सुट्टीत क्षणभर चालू करून पाहिला तेव्हा तिच्या फळीवरचे स्टीलचे डबे एकामागून एक कडेकडे चालत आले.

"हे मशीन चालतं का पळतं?" तिनं विचारलं.

"फरशीला बोल्ट मारायचे राहिलेत. मिस्त्री उद्या येतो म्हणालाय."

दीपमालानं डबे खाली उतरवून ठेवले. मिस्त्रींच्या 'उद्या'चा तिला चांगलाच अनुभव होता.

आता राहिली लॅब. डॉक्टर माप घेतो, पण दात बनतो लॅबमध्ये. एक लॅब हैदराबादची. तिचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत, की त्यात दयानंदला स्वतःचा चेहरा दिसायचा. दुसरी नांदेडची, मकबूलभाईंची. मकबूलभाई एकदा स्वतः येऊन गेले होते. सव्वासहा फूट माणूस, तोंडात पान आणि स्वतःविषयी बोलताना जराही संकोच नाही. "डॉक्टरसाब, अख्ख्या मराठवाड्यात विचारा. मानूस निघून जातो, आपन बनवलेला दात ऱ्हातो."

दयानंदला दोन्ही लॅब पसंत होत्या. म्हणजेच त्याला ठरवता येत नव्हतं. आणि अशातच शेषेराव आले.

शेषेराव किल्लारीजवळच्या एका गावचे. जुनं गाव भूकंपात बसलं, नवं गाव सरळ रेषेतल्या रस्त्यांचं झालं आणि शेषेराव त्या नव्या गावचे सगळ्यांनी मानलेले गृहस्थ. घराच्या माळवदाचं लाकूड तोंडावर बसून त्यांचे वरचे पुढचे दात गेले होते. बोलताना ते उपरण्याचं टोक तोंडाशी धरत.

"चार वर्षं दाखवलं नाहीत कुणाला?" दयानंदनं विचारलं.

"आधी घरं व्हायची व्हती, डॉक्टर. दाताचं काय घिऊन बसलाव. खाताना तरास न्हाई." मग उपरण्याआडूनच म्हणाले, "हासताना हाय. आता वैशाखात लेकीचं लगीन हाय. पाहुन्याफुडं किती दिवस तोंड झाकू?"

ते गेल्यावर दयानंदला झोप लागेना. पहिलंच मोठं काम. ते साधलं तर अख्खं गाव येणार होतं. फसलं तर तेच अख्खं गाव लग्नाच्या मांडवात बघणार होतं. लॅब कुठली, आणि मापाचा मसाला कुठला? मापासाठी नेहमीची गुलाबी पावडर होती. ती पाण्यात कालवायची, ट्रेमध्ये भरून तोंडात धरायची आणि घट्ट झाली की अलगद काढायची. पण एक विक्रेता नुकताच नव्या परदेशी मसाल्याचा नमुना देऊन गेला होता. "सर, इतकं परफेक्ट माप की दातावरचा ओरखडासुद्धा उमटतो. फक्त काढताना जरा झटका द्यायचा."

दयानंदची स्वतःची एक वरची दाढ नव्हती. (कॉलेजात एका मित्राला परीक्षेआधी सराव हवा होता. मित्र पास झाला.) त्याला एकदम सुचलं: नवा मसाला आधी आपल्याच तोंडात वापरून बघायचा, त्या मापावरून दोन्ही लॅबकडून एकेक दाढ करून मागवायची, आणि जिची नीट बसेल ती लॅब आपली.

आधी त्यानं दीपमालाला विचारलं होतं, तिचे दात पहिल्यापासून सुंदर होते म्हणून. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "मसाला मी माझ्या तोंडात घालते तो डब्यातला. तुमचा तुम्ही घाला."

बुधवारी दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं (बुधवारच होता असं नाही, कुठल्याही वारी कुणी नसायचं). शेषेराव चारला येणार होते. दयानंदनं मसाला कालवला, स्टीलच्या ट्रेमध्ये भरला, पोपटी खुर्चीत बसला आणि ट्रे वरच्या दातांवर दाबून घड्याळ बघत राहिला. मसाला घट्ट झाला. तो अजून घट्ट झाला. त्यानं ट्रेचा दांडा धरून झटका दिला, तेव्हा ट्रेऐवजी त्याचं डोकं खाली आलं.

दुसरा झटका दिला. पुन्हा डोकंच.

कॉलेजातलं एक वाक्य त्याला तेव्हा आठवलं: दातांमध्ये रिकामी जागा असेल तर ती आधी मेणानं बुजवावी, नाहीतर कडक मसाला तिच्यात शिरून कुलूप लागतं. वाक्य बरोबर होतं. फक्त यायला उशीर झाला होता.

"ऊंऽऽ!" दयानंदनं हाक मारली.

"चहा?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"ऊं ऊं!"

"आत्ता तर घेतलात."

"ऊंऽऊं ऊंऽऽ!"

"बरं बरं, साखर कमी टाकते. वरडू नका, सर खाली येतील."

तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि शेषेराव वेळेआधीच आत आले. खुर्चीत डॉक्टर, डॉक्टरच्या तोंडातून बाहेर आलेला स्टीलचा दांडा, हनुवटीवर लाळ. शेषेरावांनी हे दृश्य शांतपणे पाहून घेतलं.

"आधी तुमचं चालू हाय व्हय? चालू द्या. मी बसतो," म्हणत ते बाकावर टेकले.

पेशंटसमोर घाबरून चालणार नव्हतं. दयानंदनं डोकं चालवलं. ट्रे ओढल्यानं निघत नसेल तर कडेनं हवा मारावी. हवा आत शिरली की पकड सुटते, हेही कॉलेजातच शिकवलेलं. आणि हवा तर जिन्याखाली तयार होती, अख्खा ट्रक रंगवणारी! त्यानं खुर्चीवरच्या हवेच्या नळीचं तोंड ट्रेच्या कडेला लावलं आणि दुसऱ्या हातानं शेजारच्या भिंतीवरचं कॉम्प्रेसरचं बटण दाबलं.

आधी नुसती घरघर झाली. मग बोल्ट नसलेल्या कॉम्प्रेसरनं जागा सोडली आणि तो जिन्याच्या लोखंडी खांबावर जाऊन आदळायला लागला. धाड्, धाड्, धाड्. ग्लासातलं पाणी थरथरलं, भिंतीवरचं कॅलेंडर हललं, पोपटी खुर्ची दयानंदला घेऊन डुलायला लागली.

शेषेराव उठले. त्यांचा चेहरा क्षणात पांढरा पडला होता.

"डॉक्टर, भाईर!"

"ऊं ऊं! ऊंप्रेऊं!" दयानंद दोन्ही हात हलवून सांगत होता.

"दात मरू द्या! आधी भाईर!" शेषेरावांनी त्याला दंडाला धरून खुर्चीतून उपसलं आणि ओढत रस्त्यावर नेलं.

वर विरूपाक्ष सर नेमका कंपनांचा धडा शिकवत होते. बाकं हलायला लागली तेव्हा पहिल्या रांगेतल्या हुशार पोरांना वाटलं, सरांनी प्रयोग लावलाय. एकानं तर आनंदानं वहीत आकृती काढायला घेतली. पण मागून कुणीतरी "भूकंऽप!" म्हणून ओरडलं, आणि मग आकृती तशीच राहिली. त्या काळात लातुरात तो शब्द दोनदा उच्चारावा लागत नसे. जिन्यावरून पोरांचा लोंढा खाली आला. त्यांच्या पायांनी जिना हलला, जिन्यानं इमारत हलली, म्हणजे आता खरोखरच काहीतरी हलत होतं. समोरच्या खाणावळीतली माणसं हातात घास घेऊन बाहेर आली. सगळ्यांत शेवटी विरूपाक्ष सर आले, एका हातात खडू, दुसऱ्या हातात डस्टर. "यप्पा! सगळी आली का? मोजा रे एकमेकांला!"

मग त्यांना दयानंद दिसला. "डॉक्टर, किती मोठा व्हता?"

दयानंदनं जोरजोरात मान हलवली, आत बोट दाखवलं, हातानं गोल गोल केलं आणि शक्य तितकं स्पष्ट सांगितलं, "ऊंप्रेऊं! ऊंप्रेऊं ऊंहे!"

"काय म्हनायलेत हे?" सरांनी विचारलं.

"सर," एक पोरगं घाबऱ्या आवाजात म्हणालं, "पुन्हा येणारे म्हणतायत!"

सगळी गर्दी रस्ता ओलांडून समोरच्या मोकळ्या प्लॉटवर धावली. दयानंदलाही धावावं लागलं, कारण शेषेरावांनी त्याचा दंड अजून सोडला नव्हता.

प्लॉटवर पोचल्यावर शेषेराव एका दगडावर बसले.  ते इमारतीकडे बघत होते, पण ती इमारत त्यांना दिसत नसावी. दयानंदला एकदम फार वाईट वाटलं. बाकी कशाचंही हसू झालं असतं तरी ह्याचं व्हायला नको होतं. त्यानं शेषेरावांच्या खांद्यावर हात ठेवला. सांगायला त्याच्याकडे 'ऊं' शिवाय काही नव्हतं, म्हणून त्यानं तेवढंच, हळू आवाजात म्हटलं.

आणि धाडधाड बंद झाली.

दवाखान्याच्या दारातून दीपमाला बाहेर आली. एका हातात कॉम्प्रेसरची उपटलेली वायर, दुसऱ्या हातात कमी साखरेचा चहा. समोरची जत्रा बघून ती थांबली.

"काय झालं? मोर्चा आहे का?"

"बाई, भूकंप!" विरूपाक्ष सर ओरडले.

"कुठला भूकंप? आमच्या ह्यांचं मशीन आहे ते. माझे डबे आधीच उतरवून ठेवलेत मी." एवढं बोलून तिची नजर नवऱ्यावर गेली. "आणि तुम्ही तोंडात काय घातलंय?"

दयानंदनं दांड्याकडे बोट दाखवलं आणि हात जोडले.

दीपमाला दोनशे पोरांच्या मधून वाट काढत आली. चहा तिनं सरांच्या हातात दिला (सरांनी भांबावून तो पिऊनही टाकला). पदर खोचला, दांडा हलवून बघितला आणि शेषेरावांना म्हणाली, "काका, ह्यांना मागून धरा." शेषेराव उठले आणि त्यांनी डॉक्टरला कमरेत घट्ट धरलं.

"तोंड सैल सोडा."

"ऊं."

"सैल म्हणलं की सैल!"

तिनं दांडा आधी एका बाजूला दाबला, मग दुसऱ्या, आणि मग हापसा मारावा तसा एकदम खाली ओढला. फट्ट असा आवाज झाला. ट्रे तिच्या हातात आला, दयानंद शेषेरावांच्या अंगावर आणि शेषेराव दगडावर.

दयानंदनं श्वास घेतला, जीभ सगळ्या दातांवरून फिरवली, दात जागेवर असल्याची खात्री केली आणि छाती भरून ओरडला, "कॉम्प्रेसर!"

 मग खालून, दगडाकडून, एक आवाज आला. शेषेराव हसत होते. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग उपरणं खांद्यावरून कधी पडलं ते त्यांनाही कळलं नाही. भर प्लॉटवर, दोनशे पोरांसमोर, ते तोंड उघडून, पुढच्या सगळ्या रिकाम्या जागेसकट हसत होते. "कॉंप्रेशर! आरं द्येवा, कॉंप्रेशर!" त्यांचं हसू बघून पोरं हसली, खाणावळीतली माणसं हसली. दीपमालाही हसली, पदर तोंडाला लावून. दयानंदलाही हसू आलं, मात्र जबडा दुखत असल्यामुळे ते अर्ध्यावर थांबलं.

एकटे सर तेवढे हसले नाहीत. "डॉक्टर, मला शब्द दिला व्हता तुम्ही. एक तारखेला जागा मोकळी करा," म्हणून ते रिकामा कप घेऊन जिना चढले.

त्या संध्याकाळी दयानंदला जेवण गेलं नाही. जबड्याचं कारण होतं, पण खरं कारण ते नव्हतं. पोपटी खुर्ची घेऊन आता कुठं जायचं? आणि शेषेरावांना कुठल्या तोंडानं बोलवायचं? पण शेषेराव दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आले आणि खुर्चीत बसले.

"घ्या माप. त्या गुलाबी पावडरचंच घ्या बरं का."

"काका, काल जे झालं..."

"काल जे झालं त्ये बघूनच आलोय. ज्यो डॉक्टर आधी सोताच्या तोंडात घालून बघतो, त्यो माझ्या तोंडात वाकडं करनार न्हाई."

आणि लॅब? दयानंदनं हट्टानं स्वतःच्या मापाच्या दोन प्लास्टर प्रती करून दोन्हीकडे पाठवल्या. मसाला दाढेपाशी फाटला होता, पण त्याला वाटलं, चालून जाईल. हैदराबादहून मखमली डबीत एक दाढ आली. मोत्यासारखी चमकत होती. ती दयानंदच्या तोंडात कुठंच बसेना. सरळ धरली तर गालाला टोचायची, उलटी धरली तर जिभेला. मकबूलभाईंनी दाढ पाठवलीच नाही. त्यांनी फोन केला.

"डॉक्टरसाब, हे माप कोनी घेतलं?"

"मी."

"कोनाचं?"

"माझंच."

पलीकडे पानाची पिंक टाकल्याचा आवाज आला. "अल्ला रहम करे. ह्याच्यावर दाढ बनवली तर ती बैलाला बसेल, तुमाला नाय. दुसरं पाठवा."

दयानंदनं त्याच क्षणी लॅब निवडली. बिघडलेल्या मापावर गोड बोलून दात करून देणाऱ्यापेक्षा तोंडावर नको म्हणणारा माणूस बरा, एवढं त्याला कळलं. (घरात अशीच एक व्यक्ती असल्यामुळे ते कळायला सोपं गेलं.) शेषेरावांचे दात मकबूलभाईंनी केले आणि स्वतः घेऊन आले, कारण बसल्यावर कौतुक ऐकायला त्यांना हजर राहायचं होतं. दात बसले. वैशाखात मांडवाच्या दारात उभे राहून शेषेरावांनी येईल त्या पाहुण्याला हसून नमस्कार केला. जे आधीच आत गेले होते त्यांना परत बाहेर बोलावून केला.

सरांची एक तारीख आली आणि गेली. झालं असं, की गावाकडचे पालक प्रवेशासाठी आले की हमखास विचारत, इमारत पक्की हाय का, काही झालं तर पोरं निघतील का? सर आता टेबलावर हात मारून सांगायला लागले, "एका मिनटात सगळी मैदानात! करून बघितलंय आमी." त्या वर्षी क्लासला जागा पुरली नाही. एक दिवस ते खाली आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "डॉक्टर, जागेचं राहू द्या. त्ये मशीन अजून हाय का? म्हैन्यातून एकदा, मी सांगंन तवा, जरा चालू करत जावा."

कॉम्प्रेसर मागच्या अंगणात गेला, बोल्ट मारून. दवाखान्याच्या बाकावर माणसं दिसायला लागली. किल्लारीकडून जिपा भरून यायच्या, रेणापूरकडूनही कुणी कुणी यायचं. दयानंदची कॉलर नाही म्हटलं तरी थोडी ताठ झाली. हाताला गुण असला की नाव आपोआप पसरतं, असं तो दीपमालाला जेवताना सांगायला लागला. ती मान डोलवून आणखी एक पोळी वाढायची.

एका सकाळी रेणापूरकडचे एक जाडजूड गृहस्थ ठणकणारी दाढ घेऊन आले. खुर्चीत बसले, आ केला. दयानंद पकड घेऊन वाकला, तसं त्यांनी चटकन तोंड मिटलं.

"घाबरू नका," दयानंद म्हणाला, "आधी इंजेक्शन देतो. कळणारसुद्धा नाही."

"भेलो न्हाई वो. पर बाई कुठं हायत?"

"कुठल्या बाई?"

"काढनाऱ्या. शेषेराव म्हनले, त्या बाईचा हात लई चांगला हाय. एका झटक्यात काढत्यात म्हनं. हिथं समदी त्यांच्याचसाठी आल्यात." बाकावरच्या साऱ्या माना हलल्या.

"अहो, पण डॉक्टर मी आहे!"

"व्हय की," गृहस्थ समजुतीच्या स्वरात म्हणाले, "तुमचंच काढलं न्हवं का त्यांनी?"